भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी : वर्गात आणि सातबाऱ्यावर



गणितात मागे पडलेल्या मुलाला जवळ बसवून विचारले की, बाळा, तुझे अडते कोठे, तर पुष्कळदा एकच उत्तर मिळते : अपूर्णांकात. पाढे पाठ असतात, हातच्याची बेरीज येते, भागाकारही कसाबसा जमतो. पण १/२ आणि १/३ यांची बेरीज कर म्हटले की पेन्सिल थांबते. पुढे टक्केवारी, व्याज, गुणोत्तर, बीजगणित हे सारे याच पायावर उभे असल्यामुळे तो मुलगा त्या सगळ्यातच मागे राहतो. शिष्यवृत्ती परीक्षा असो की बँकेतील कारकुनाच्या जागेची परीक्षा असो, अपूर्णांक चुकवून पुढे जाता येत नाही.

मी गणिताचा शिक्षक नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत कारकून म्हणून नोकरी करतो. परंतु वारसांच्या नावे रक्कम वाटून देण्याचे कागद रोज डोळ्यांखालून जातात. अपूर्णांक न समजल्यामुळे माणूस आपल्याच पैशासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे कसा पाहतो, हे तेथे दिसते. म्हणून प्रस्तुत लेखात हा विषय अगदी मुळापासून मांडला आहे. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन वाचावे. मोठ्यांनी घरातील सातबारा शेजारी ठेवून वाचला तर अधिक उत्तम.

१. छेद म्हणजे तुकड्याचे माप

३/४ या अपूर्णांकात वरचा अंक ३ हा अंश आणि खालचा ४ हा छेद. छेद म्हणजे कापणे. एका वस्तूचे किती सारखे तुकडे केले ते छेद सांगतो. त्यांपैकी आपण किती घेतले ते अंश सांगतो. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. छेद जितका मोठा तितका तुकडा लहान. एक भाकरी चौघांत वाटली तर वाट्याला येणारा तुकडा मोठा असतो आणि आठ जणांत वाटली तर लहान.

आपल्या मायबोलीत बेरीज-वजाबाकी शब्दांतच भरलेली आहे. सव्वा म्हणजे एक अधिक पाव. पाऊण म्हणजे एकाला पाव कमी. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. साडेतीन म्हणजे तीन अधिक अर्धा. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ करून घेत असत. फारसे न शिकलेली आपली वडील मंडळी सव्वा आणि अडीचचे हिशेब तोंडी करीत, ते या जोरावर.

२. बेरीज केव्हा करता येते?

भाताच्या मापाचे उदाहरण घेऊ. जुन्या मापात दोन चिपट्यांचे एक मापटे आणि दोन मापट्यांचा एक शेर. म्हणजे मापटे हा अर्धा शेर आणि चिपटे हा पाव शेर. आता एक मापटे आणि एक चिपटे तांदूळ एकत्र केले तर किती झाले? ‘दोन’ म्हणून भागणार नाही. दोन काय? दोन मापटी नव्हेत आणि दोन चिपटीही नव्हेत. म्हणून आपण मापट्याची दोन चिपटी करतो आणि मग म्हणतो, तीन चिपटी झाले. म्हणजेच पाऊण शेर.

हेच अंकांत लिहू :

१/२ + १/४ = २/४ + १/४ = ३/४

भिन्नछेद अपूर्णांकांच्या बेरजेचे सारे रहस्य एवढेच आहे. तुकडे सारख्या मापाचे झाल्याशिवाय त्यांची मोजदाद होत नाही. तुकडे सारख्या मापाचे करणे यालाच ‘समच्छेद करणे’ म्हणतात. अंश आणि छेद या दोहोंना एकाच संख्येने गुणले तर अपूर्णांकाची किंमत बदलत नाही, फक्त तुकडे बारीक होतात आणि त्यांची संख्या वाढते. १/२, २/४, ३/६, ६/१२ ही सर्व एकाच अर्ध्याची रूपे आहेत.

आता पुष्कळ मुले करतात ती चूक पाहू. १/२ + १/३ करताना ती अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ लिहितात. हे उत्तर चूक आहे, हे नियम माहीत नसला तरी ओळखता येते. अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा मिळवला तर ती अर्धीपेक्षा जास्तच होणार. परंतु २/५ म्हणजे ४/१० आणि अर्धी म्हणजे ५/१०. मिळवल्यानंतर भाकरी कमी कशी होईल? खरे उत्तर असे :

१/२ + १/३ = ३/६ + २/६ = ५/६

३. लसावि कसा काढावा?

दोन्ही छेदांनी ज्या सर्वात लहान संख्येला पूर्ण भाग जातो ती त्यांची लसावि, म्हणजे लघुतम साधारण विभाज्य संख्या. ती काढण्याची सोपी युक्ती अशी : मोठ्या छेदाचा पाढा म्हणत जावा आणि लहान छेदाने जिला भाग जातो अशी पहिली संख्या येताच थांबावे.

उदाहरण : ५/६ + ३/८
आठाचा पाढा : ८, १६, २४. सहाने ८ ला भाग जात नाही, १६ ला जात नाही, २४ ला जातो. म्हणून लसावि २४.
६ चे २४ होण्यासाठी ४ ने गुणावे लागते, म्हणून ५/६ = २०/२४.
८ चे २४ होण्यासाठी ३ ने गुणावे लागते, म्हणून ३/८ = ९/२४.
बेरीज : २०/२४ + ९/२४ = २९/२४ = १ पूर्णांक ५/२४.

लसावि सुचला नाही तर दोन्ही छेदांचा गुणाकार घ्यावा. ६ × ८ = ४८ घेतले तर ४०/४८ + १८/४८ = ५८/४८ येते आणि त्याला संक्षिप्त रूप दिले की पुन्हा २९/२४ च मिळते. उत्तर तेच, फक्त आकडे मोठे. म्हणून लसावि विसरलो या भीतीने परीक्षेत उदाहरण सोडून देऊ नये.

ही रीत नवी नाही. इ. स. ८५० च्या सुमारास राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात लसाविच्या साहाय्याने छेद सारखे करण्याची रीत दिली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (इ. स. ११५०) अपूर्णांक समच्छेद करण्याचे नियम आहेत.

४. वजाबाकी

वजाबाकीची रीत तीच. आधी समच्छेद, मग अंशातून अंश वजा.

७/१० − ४/१५ : पंधराचा पाढा १५, ३०. लसावि ३०.
२१/३० − ८/३० = १३/३०

पूर्णांकयुक्त अपूर्णांक असतील तर मुले गोंधळतात. सव्वातीनातून १ पूर्णांक २/३ वजा करायचे आहेत. १/४ मधून २/३ जात नाहीत. अशा वेळी सर्व काही तुकड्यांत मोजून घ्यावे :

३ पूर्णांक १/४ = १३/४ = ३९/१२
१ पूर्णांक २/३ = ५/३ = २०/१२
३९/१२ − २०/१२ = १९/१२ = १ पूर्णांक ७/१२

ताळा म्हणून उत्तरात २०/१२ मिळवून पाहावे. ३९/१२ आले की उत्तर बरोबर.

५. आणे-पै मधील छेद

आपल्या आजोबांच्या पिढीला समच्छेद हा शब्द ठाऊक नसेल, पण त्यांच्या खिशात समच्छेद होता. रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै. पाव रुपया म्हणजे ४ आणे आणि रुपयाचा आठवा भाग म्हणजे २ आणे. दोन्ही मिळून ६ आणे. सगळे तुकडे आण्यांत मोजले की छेद आपोआप १६ होतो. तिसरा भाग काढायचा झाल्यास १६ ला ३ ने भाग जात नाही. मग पै उपयोगी पडे. रुपयाच्या १९२ पै, त्यांचा तिसरा भाग ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै. एक पैचीही तूट नाही.

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले. त्यामुळे दशांशाचे हिशेब सोपे झाले, परंतु १०० ला ३ ने भाग जात नाही. तिघांना ३३-३३ पैसे दिले तर एक पैसा उरतोच. म्हणून तीन, सहा किंवा बारा वाटे असतील तेथे टक्के लिहिण्यापेक्षा १/३, १/६, १/१२ असे अपूर्णांक लिहिणे अचूक ठरते. गुंठ्याचे १६ आणे आणि ‘आणेवारी’ हे शब्द मात्र जमिनीच्या बोलण्यात अजून टिकून आहेत.

६. लेण्यातील व्याजाचा हिशेब

मुरबाड तालुक्यात वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट चढते. तेथील सातवाहनकालीन शिलालेखात दानाचे आकडे कोरलेले आहेत, हे पुष्कळांना माहीत आहे. व्याजदरातील अपूर्णांक कोरलेला पाहायचा असेल तर नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, म्हणजे पांडवलेण्यांत जावे. लेणे क्रमांक १० मध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्खुसंघासाठी ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यांपैकी २,००० वर शेकडा एक आणि १,००० वर शेकडा पाऊण असा व्याजाचा दर होता. पाऊण हा शब्द ‘पादोन’ म्हणजे ‘पाव कमी’ यावरून आला. लेखातील प्राकृत शब्दही त्याच घडणीचा आहे.

लेखात असे आहे की, पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत. २० × १२ = २४०. दर दरमहाचा धरला तर २,००० वर महिन्याला २० आणि वर्षाला २४० व्याज होते. हिशेब तंतोतंत जुळतो.

आता आपण एक प्रश्न विचारू. दोन्ही ठेवी मिळून सरासरी दर किती? घाईने १ आणि ३/४ यांचा मध्य ७/८ काढला तर चुकेल, कारण रकमा सारख्या नाहीत. एकूण ठेवीचा २/३ भाग शेकडा १ दराने आहे आणि १/३ भाग शेकडा ३/४ दराने आहे.

२/३ × १ = २/३
१/३ × ३/४ = १/४
२/३ + १/४ = ८/१२ + ३/१२ = ११/१२

ताळा : महिन्याचे व्याज २० + ७ १/२ = २७ १/२ कार्षापण. ३,००० वर शेकडा ११/१२ दराने तेवढेच येते. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या या व्यवहाराचा हिशेब आज सहावीतील मूल भिन्नछेद बेरजेने तपासू शकते.

७. सातबाऱ्यावरील वाटा

आता घरच्या प्रश्नाकडे येऊ. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीच्या वारसाहक्काचा आग्रह धरला आणि ते बिल मार्गी लागत नाही असे दिसल्यावर १९५१ साली कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५६ साली हिंदू उत्तराधिकार कायदा आला. तो बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. कायद्याने दिलेला हा हक्क कागदावर अपूर्णांकाच्या रूपाने उतरतो. तो वाचता आला नाही तर हक्क असून नसल्यासारखा.

समजा, एका गृहस्थाची स्वतः घेतलेली ३ एकर, म्हणजे १२० गुंठे जमीन आहे. इच्छापत्र न करता ते वारले. मागे पत्नी, धाकटा मुलगा आणि मुलगी आहे. थोरला मुलगा वडिलांच्या आधीच वारला. त्याची विधवा पत्नी आणि दोन मुले आहेत.

येथे ‘माणसे सहा, म्हणून वाटा १/६’ असे कोणी म्हणेल. ते बरोबर नाही. पत्नी, धाकटा मुलगा, मुलगी आणि थोरल्याची शाखा असे चार वाटे होतात. प्रत्येकी १/४. थोरल्याच्या शाखेचा १/४ तिघांत वाटला म्हणजे सून आणि दोन नातवंडे यांना प्रत्येकी १/१२.

ताळा : १/४ + १/४ + १/४ + १/१२ + १/१२ + १/१२ = ९/१२ + ३/१२ = १२/१२ = १

काही वर्षांनी आजीही इच्छापत्र न करता वारली. तिचा १/४ वाटा धाकटा मुलगा, मुलगी आणि मृत थोरल्याची मुले यांच्याकडे तीन भागांत जातो. प्रत्येक भाग १/१२. थोरल्याच्या दोन मुलांना त्या भागातून प्रत्येकी १/२४. आजीच्या मिळकतीत सुनेला मात्र वाटा येत नाही. आता बेरीज करू :

धाकटा मुलगा : १/४ + १/१२ = ३/१२ + १/१२ = ४/१२ = १/३, म्हणजे ४० गुंठे
मुलगी : तितकाच १/३, म्हणजे ४० गुंठे
सून : १/१२, म्हणजे १० गुंठे
प्रत्येक नातवंड : १/१२ + १/२४ = २/२४ + १/२४ = ३/२४ = १/८, म्हणजे १५ गुंठे

ताळा : ४० + ४० + १० + १५ + १५ = १२० गुंठे. अपूर्णांकात ८/२४ + ८/२४ + २/२४ + ३/२४ + ३/२४ = २४/२४ = १.

नातवंडाचा वाटा त्याच्या आईपेक्षा किती जास्त? १/८ − १/१२ = ३/२४ − २/२४ = १/२४, म्हणजे ५ गुंठे.

आपल्या भागात हे नुसते वर्गातले गणित नाही. शहापूर तालुक्यात तानसा, भातसा ही धरणे झाली. समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून गेला आणि त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. जमीन संपादनात जाते तेव्हा मोबदला वाट्याप्रमाणे मिळतो. वरच्या कुटुंबाला समजा २४ लाख रुपये मिळाले, तर मुलीचे ८ लाख, सुनेचे २ लाख आणि प्रत्येक नातवंडाचे ३ लाख होतात. ‘तुला काय मिळायचे ते मिळेल’ असे कोणी म्हटले तर ही सून आपला आकडा स्वतः सांगू शकली पाहिजे.

म्हणून वारस नोंद किंवा फेरफार पाहताना दोन कामे करावीत. पहिले, सर्व वाट्यांची बेरीज करावी. ती १ पेक्षा कमी आली तर कोणाचा तरी वाटा लिहायचा राहिला आहे आणि १ पेक्षा जास्त आली तर कोणाच्या तरी नावे अधिक चढला आहे. दुसरे, नावे मोजावीत. बहिणीचे नाव गाळून उरलेल्यांत वाटे केले तरी बेरीज १ च येते! गणित वाटे तपासते. नावे आपणच तपासावी लागतात. हक्कसोडपत्राचेही तसेच. हक्क सोडावा की ठेवावा हा त्या बहिणीचा प्रश्न आहे. परंतु अंगठा उमटवण्यापूर्वी आपण १/३ म्हणजे पुरे ४० गुंठे सोडत आहोत, हे तिला ठाऊक असले पाहिजे.

वरील उदाहरण हिशेब समजावा म्हणून दिले आहे. प्रत्येक घराची मिळकत आणि कागदपत्रे वेगळी असतात. तेव्हा कोणाला कायद्याने किती वाटा पोहोचतो हे जाणकार वकिलाकडून समजून घ्यावे आणि मग त्या वाट्यांची बेरीज आपण स्वतः करावी.

८. लक्षात ठेवावे असे

(अ) छेदात छेद कधी मिळवू नये. छेद हे तुकड्याचे माप आहे, संख्या नव्हे.
(आ) छेद ज्या संख्येने गुणला त्याच संख्येने अंशही गुणावा. घाईत मुले अंश तसाच ठेवतात.
(इ) उत्तर काढण्यापूर्वी अंदाज घ्यावा. ५/६ आणि ३/८ यांची बेरीज १ पेक्षा जास्त येणार हे आधीच कळते.
(ई) शेवटी संक्षिप्त रूप द्यावे. ४/१२ पेक्षा १/३ चटकन समजते.

९. सरावासाठी

(१) २/३ + १/५
(२) ५/१२ + ७/१८
(३) ७/८ − ५/१२
(४) ५ पूर्णांक १/६ − २ पूर्णांक ३/४
(५) ३ एकर शेतापैकी १/२ भागात भात, १/५ भागात नाचणी आणि १/६ भागात वरई केली. उरलेला भाग गवताला ठेवला. गवताला किती गुंठे?
(६) एक गृहस्थ इच्छापत्र न करता वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली. पुढे पत्नीही तशीच वारली. स्वकष्टार्जित मिळकतीत आता प्रत्येक अपत्याचा वाटा किती?

उत्तरे : (१) १३/१५ (२) २९/३६ (३) ११/२४ (४) २ पूर्णांक ५/१२ (५) २/१५ भाग, म्हणजे १६ गुंठे (६) १/५ + १/२० = १/४

विद्यार्थी मित्रहो, सहावे उदाहरण सोडवून झाल्यावर ते घरी आई-आजीला समजावून सांगा. तिला पटेल अशा शब्दांत ते सांगता आले, तर अपूर्णांक तुम्हाला आले असे खुशाल समजा.